कागदावरचा एसजीपीटी आणि अंगातलं पाणी

दोन दिवस उलट्या-जुलाब झालेल्या लेकराच्या रक्ताचा रिपोर्ट हाती येतो. एसजीपीटीच्या ओळीत ७८ हा आकडा ठळक छापलेला असतो आणि शेजारी तो जास्त असल्याची खूण. तेवढ्यावर घरातलं बोलणं बदलतं. कालपर्यंत ‘पोट बिघडलंय’ म्हणणारेच ‘लिव्हरला सूज आली’ म्हणू लागतात. भंडारा जिल्ह्यातल्या अड्याळसारख्या गावात अशी बातमी शेजारीपाजारी पोचायला वेळ लागत नाही. हळद बंद होते, तेल बंद होतं, वरणाची फोडणी बंद होते. कोणी ‘पांढरी कावीळ’ म्हणतं, कोणी कावीळ उतरवणाऱ्याचा पत्ता देतं, कोणी गळ्यात घालायची माळ आणून देतं. या धांदलीत मुलानं सकाळपासून लघवी केलेली नाही, इकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. ते कुठल्या रिपोर्टात छापून येत नाही.

विषाणूमुळे होणाऱ्या उलट्या-जुलाबांत यकृताची एन्झाइम्स थोडी वाढणं ही नेहमी दिसणारी आणि बहुतेक वेळा आपोआप मावळणारी गोष्ट आहे. मूल दगावतं ते मुख्यतः अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून आधी मुलाकडे बघायचं आणि कागदाकडे नंतर. काही मुलांच्या बाबतीत कागदही तितकाच गंभीरपणे घ्यावा लागतो. ती मुलं कोणती, हेही घरच्यांना ठाऊक असायला हवं.

एसजीओटी आणि एसजीपीटी ही पेशींच्या आत राहून अमिनो आम्लांची अदलाबदल करणारी एन्झाइम्स. पेशी दुखावली की ती बाहेर झिरपतात आणि रक्तात सापडतात. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमधल्या लाड्यू, व्रॉब्लेव्स्की आणि कार्मेन या तिघांनी रक्तातलं एसजीओटी मोजून दाखवलं ते हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांमध्ये. यकृतासाठी या तपासण्या वापरात आल्या त्या त्यानंतर. हा इतिहास इथे उपयोगाचा आहे, कारण एसजीओटी काही एकट्या यकृताची मालमत्ता नाही. ते हृदयात असतं, हातापायांच्या स्नायूंत असतं, मूत्रपिंडात असतं, तांबड्या रक्तपेशींतही असतं. एसजीपीटी त्या मानानं यकृताचं जास्त जवळचं. पण दोन्ही आकडे सांगतात ते एवढंच की कुठल्या तरी पेशी दुखावल्या आहेत. यकृत आपलं काम नीट करतंय की नाही, हे त्यांच्यावरून कळत नाही. त्यासाठी बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला लागणारा वेळ पाहावा लागतो. ७८ चा एसजीपीटी असलेल्या मुलाचं यकृत आपलं काम अगदी व्यवस्थित करत असू शकतं, आणि बहुतेक वेळा करतच असतं.

मग जुलाबांत हा आकडा वाढतो कशानं? लहान मुलांना गाठणाऱ्या विषाणूंत रोटाव्हायरस सर्वांत कुप्रसिद्ध; त्याच्या जोडीला नोरोव्हायरस, ॲस्ट्रोव्हायरस आणि ॲडिनोव्हायरसचे ४० व ४१ हे प्रकार. रोटाव्हायरस १९७३ मध्ये मेलबर्नला रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जुलाब होणाऱ्या मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत सापडला. हा विषाणू आतड्यापुरताच राहतो, असं पुढे बरीच वर्षं मानलं जात होतं. २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या संशोधनानं दाखवलं की आजारी मुलांच्या रक्तातही त्याचे अंश सापडतात. आतड्यातून निघणारं रक्त आधी यकृतात जातं, मग बाकी शरीरात. आतड्याचं अस्तर सोललं गेलं की विषाणूच काय, एरवी आतच राहणाऱ्या जिवाणूंचे विषारी अंशही त्याच वाटेनं यकृतापाशी पोचतात. यकृताच्या पेशींना त्याची थोडी झळ बसते. तुर्कस्तान, जपान आणि इतर देशांतल्या बालरोगतज्ज्ञांनी रोटाव्हायरसच्या मुलांची रक्तं तपासली तेव्हा त्यांतल्या काहींची एन्झाइम्स वाढलेली आढळली. ही वाढ बहुधा सौम्य होती आणि पुढे ती आपसूक उतरली.

उतरायला मात्र वेळ लागतो आणि घरच्यांचा धीर नेमका तिथेच सुटतो. रक्तातला एसजीपीटी निम्मा व्हायला सुमारे ४७ तास लागतात, एसजीओटीला सुमारे १७. म्हणजे जुलाब थांबले, पोर अंगणात धावायला लागलं, तरी रक्तातला एसजीपीटी काही दिवस रेंगाळतोच. चौथ्या दिवशी पुन्हा रक्त काढून ‘अजून उतरला नाही’ म्हणत घाबरणं म्हणजे मुलाला फुकटची सुई टोचणं.

रिपोर्टातल्या आकड्यामागे कधी कधी यकृताचा काहीच संबंध नसतो, हे फार कमी पालकांना सांगितलं जातं. पाणी गेलेल्या मुलाची शीर सापडत नाही. सिस्टर एका हातावर पाहते, मग दुसऱ्या, मग पायावर. बोट दाबून दाबून थेंब थेंब रक्त जमा होतं. अशा ओढाताणीत तांबड्या पेशी नळीतच फुटतात आणि त्यांच्यातलं एसजीओटी बाहेर पडतं. लॅबमधला माणूस दक्ष असेल तर नमुना लालसर झाल्याचं लिहून कळवतो. नसेल तर वाढलेला आकडा तसाच छापला जातो. शिवाय पाणी कमी झालेलं रक्त घट्ट होतं. रक्तद्रवाचं प्रमाण दहा टक्क्यांनी घटलं तर ३६ चा आकडा काहीही न बिघडता ४० होतो, आणि बऱ्याच लॅबची लक्ष्मणरेषा नेमकी चाळिशीच्या आसपास असते. वयाचाही भाग आहे. एक वर्षाखालच्या बाळात एसजीओटी मोठ्या माणसापेक्षा मुळातच जास्त असतं, पण छापील कागदावर मर्यादा बहुतेकदा मोठ्यांचीच असते.

पाणी जितकं जास्त गेलं तितकी एन्झाइम्स जास्त, असं सरळ गणित इथे लागत नाही. मुलाच्या अंगातलं पाणी किती कमी झालं, हे ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत एसजीपीटीला जागाच नाही. थोडं किंवा मध्यम पाणी गेलेल्या मुलात ७८ दिसला तर त्याचं कारण विषाणू, नमुना किंवा औषध यांत शोधावं. पण पाणी जाऊन जाऊन मूल शॉकमध्ये गेलं, नाडी लागेना, हातपाय गार पडले, तर यकृताला रक्तच पुरत नाही. अशा वेळी ही एन्झाइम्स एक-दोन दिवसांत हजारांच्या घरात जातात आणि रक्तपुरवठा सुधारला की तितक्याच वेगानं खाली येतात. तिथेही उपचार पाण्याचाच असतो. यकृताचं टॉनिक किंवा ‘लिव्हरचं सिरप’ या दोन्ही प्रसंगांत काही करत नाही. साध्या उलट्या-जुलाबांत अशी बाटली लिहून द्यायचं कारण मला तरी दिसत नाही.

जुलाबांत जातं तरी किती? पाणी कमी होण्याची मध्यम पायरी म्हणजे वजनाच्या पाच ते दहा टक्के. आठ किलोच्या मुलाचं हे गणित ४०० ते ८०० मिलिलिटर होतं. पाण्याच्या एका बाटलीपेक्षाही कमी, आणि रोटाव्हायरस ते एका दिवसात काढून घेऊ शकतो. आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, सोबत ताप. उलट्यांमुळे तोंडावाटे काही जात नाही, जुलाबांवाटे मात्र सगळं जातं. दहा टक्क्यांच्या पलीकडे गेलं की जीव धोक्यात.

हे ओळखायला लॅब लागत नाही, डोळे आणि हात लागतात. मूल किरकिरं झालंय, डोळे खोल गेलेत, पाण्याचं भांडं दिसताच झडप घालतंय, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश परत जातेय, यांतली दोन लक्षणं दिसली तर पाणी कमी झालंय. याच्या पुढची पायरी भयंकर असते. मूल मलूल पडतं, हाक मारली तरी नीट बघत नाही, पाणी पाजलं तरी ओढत नाही, चिमटीतली कातडी दोन सेकंद किंवा त्याहून जास्त तशीच उभी राहते. दीड वर्षाच्या आतल्या बाळाची टाळू खोल गेलेली आजीच्या हाताला बरोबर लागते. आजीचं निदान खरं असतं. तेल घालून किंवा आत बोट घालून टाळू वर उचलण्याचा खटाटोप मात्र वेळ खातो, कारण टाळू खोल गेली आहे ती आतलं पाणी घटल्यामुळे. कुपोषित मुलाची कातडी एरवीही सैल असते, त्यामुळे चिमटीची परीक्षा तिथे फसवते. त्याच्यासाठी नुकतेच खोल गेलेले डोळे, तहान आणि हुशारी यांवर जास्त भर द्यावा लागतो.

अड्याळच्या भोवतीचा मुलूख धानाचा. रोवणीच्या दिवसांत घरातल्या बायका सकाळीच बांधीत उतरतात, लेकरू आजीपाशी असतं. दुपारपर्यंत चार-सहा जुलाब होऊन जातात आणि संध्याकाळी आई परत येते तेव्हा पोर गळालेलं असतं. शिवाय पावसाळ्यात विहिरी-बोडीचं पाणी गढूळ होतं, तेव्हा जुलाबाची कारणंही वाढतात. पण रोटाव्हायरस आपल्याकडे थंडीत जास्त जोर करतो, म्हणून डिसेंबर-जानेवारीतले जुलाब ‘दात येतायत’ म्हणून सोडून देऊ नयेत. दातांमुळे पाण्यासारखे जुलाब होत नाहीत.

पाणी भरून काढायचा मार्ग शोधण्यात आपल्या देशाचा वाटा फार मोठा आहे आणि तो शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी प्रागच्या परिषदेत मांडलं की आतड्याच्या पेशीत ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत शिरतात. ही जोडी आत गेली की पाणी तिच्यामागोमाग जातं. जुलाबांनी आतडं कितीही चवताळलं तरी हा दरवाजा बहुधा शाबूत राहतो. ११ वर्षांनी, १९७१ मध्ये, बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामातले लाखो निर्वासित पश्चिम बंगालच्या सीमेवर आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, दवाखान्याच्या जमिनीवरही रुग्ण झोपवावे लागले आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मोजून पाण्यात मिसळला, पिंपांना नळ लावले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या रुग्णांत चार टक्क्यांच्याही खाली आलं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’नं या शोधाला शतकातली बहुधा सर्वांत महत्त्वाची वैद्यकीय प्रगती म्हटलं. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये गेले; २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आज आशाताईंकडे मिळणारं ओआरएसचं पाकीट त्याच विचाराचं सुधारलेलं रूप. जुन्या पाकिटात सोडियम थोडं जास्त होतं. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनं कमी क्षाराचं पाकीट स्वीकारलं. एका लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट. अख्खं पाकीट, अख्खं लिटर. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात टाकलं तर द्रव फार खारट होतो आणि मुलाच्या रक्तातलं सोडियम धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतं. दोन लिटरमध्ये एकच पाकीट टाकलं तर उपयोग निम्मा. कालवलेलं पाणी २४ तासांनी फेकून द्यायचं. पाकीट नसेलच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

दुकानात खोक्यातून मिळणारी गोड पेयं हा वेगळा विषय. त्यांच्या नावात ओआरएस हे शब्द असायचे आणि आत साखर पाकिटापेक्षा कितीतरी जास्त. जास्त साखर आतड्यात पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढवते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात हे शब्द वापरायला मनाई केली. दुकानदाराकडून पाकीट घेताना जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे का, तेवढं वाचून घ्यावं.

आता पाजायचं कसं? चौदा महिन्यांचं, आठ किलोचं मूल घेऊ. डोळे थोडे खोल गेलेत, तहान लागलीय, किरकिर करतंय. अशा मुलाला चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर द्यायचं असतं, म्हणजे ६०० मिलिलिटर. आकडा मोठा वाटतो. पण पाच मिलिलिटरचा एक चमचा दर दोन मिनिटांनी दिला तर तासाला १५० होतात, आणि चार तासांत बरोबर ६००. वाटी-चमचा घेऊन एका माणसानं मुलापाशी बसायचं, बाकी काही नाही. भांडं तोंडाला लावलं की तहानलेलं मूल गटागटा पितं आणि पिचकारीसारखं ओकून टाकतं; मग घरचे म्हणतात, ‘याच्या पोटात काही ठरत नाही, सलाईनच लावा.’ जाणती सिस्टर तेव्हा सांगते, ‘आजी, ओकलं तर दहा मिनिटं थांबा, आणि मग आणखी सावकाश सुरू करा. चमचा सोडू नका.’ या सल्ल्यानं सुई टळते. चार तासांनी मूल पुन्हा तपासायचं. पाणी भरून आलं की पुढे प्रत्येक जुलाबामागे दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, मोठ्याला १०० ते २००.

सलाईनची गरज खरोखर असते ती मलूल पडलेल्या, पिऊ न शकणाऱ्या मुलाला. त्याच्यासाठी एक मिनिटही घालवायचं नसतं. अड्याळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जो जवळचा दवाखाना असेल तिथे शिरेतून रिंगर लॅक्टेट सुरू करायचं, आणि गरज पडली तर तिथून भंडाऱ्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, त्यापुढे नागपूरचं मेडिकल. वाटेत मूल थोडंही गिळत असेल तर आईनं चमच्यानं पाजत राहायचं. गाडीत बसल्यापासून काहीच न पाजणं मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

खाणं बंद करायची रीत फार जुनी आणि फार घातक. ‘पोटाला आराम द्या’ म्हणत दोन दिवस कोरडं ठेवलेल्या मुलाचं आतडं सावरायला उलट जास्त वेळ घेतं. आईचं दूध एक वेळही तोडायचं नाही. या भागातल्या घरी भाताची पेज रोजची. त्यात थोडं मीठ आणि थोडं वरण घातलं तर आजारातलं यापेक्षा चांगलं जेवण नाही. एसजीपीटी वाढला म्हणून तेल-तूप तोडणंही तितकंच चुकीचं. जुलाबांनी आधीच वजन घटलेल्या मुलाला तेवढीच तर ताकद मिळते. सोबत जस्ताची गोळी: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखालच्या बाळाला दहा, जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. ही गोळी फुकट मिळते, चमचाभर पाण्यात विरघळते आणि तरीही सर्वांत जास्त विसरली जाते. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात जुलाब झालेल्या दहा मुलांपैकी सहांना ओआरएस मिळालं होतं, जस्त मात्र जेमतेम तिघांना.

विषाणूच्या जुलाबांवर अँटिबायोटिक चालत नाही आणि जुलाब दाबणारी गोळी लहान मुलांना द्यायची नसते. ज्यांच्यामुळे यकृताला खरंच इजा होऊ शकते अशा घरातल्या औषधांत पहिला नंबर पॅरासिटामॉलचा. औषध चांगलं आहे, गोंधळ होतो तो बाटल्यांचा. एका सिरपच्या पाच मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०, आणि बाळांच्या ड्रॉप्समध्ये एकाच मिलिलिटरला १००. आठ किलोच्या मुलाला एका वेळी १२० मिलिग्रॅमच्या आसपास पुरतं. आता ड्रॉप्सची बाटली सिरप समजून कोणी चमचाभर पाजली, तर ५०० मिलिग्रॅम गेलं, चौपटीहून जास्त. दिवसात चार वेळा असं झालं, त्यात मूल उपाशी आणि पाणी गेलेलं, तर यकृताजवळ या औषधाचा विषारी अंश निकामी करायचं सामानच उरत नाही. म्हणून ताप असेल तर बाटलीवरचा आकडा वाचा, ड्रॉपर ज्या बाटलीचा त्याच बाटलीला वापरा आणि दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर ठेवा. एसजीपीटी वाढलेला दिसला की डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारायचा प्रश्नही हाच: तापाचं कोणतं औषध, किती वेळा, कोणत्या चमच्यानं?

पूर्व विदर्भात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो. घरात कोणाला सिकलसेल आहे का? १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, तेव्हापासून हा आजार या पट्ट्यात चांगलाच ठाऊक आहे. सिकलसेलच्या मुलाच्या तांबड्या पेशी एरवीही फुटत असतात, त्यामुळे एसजीओटी आणि बिलिरुबिन वाढलेलं असू शकतं, डोळे पिवळसर दिसू शकतात. जुलाबांत असा रिपोर्ट पाहून कोणी कावीळ म्हणेल आणि खरी गोष्ट राहून जाईल. त्याहून मोठा धोका पाण्याचा. रक्त घट्ट झालं की पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या अडतात, हाडं दुखायला लागतात. आणि या मुलांची मूत्रपिंडं पाणी राखून ठेवू शकत नाहीत, म्हणजे अंगातलं पाणी घटत असतानाही लघवी होत राहते. एरवी ‘लघवी होतेय ना’ म्हणून जो दिलासा मिळतो, तो या मुलांच्या बाबतीत खोटा ठरतो. सिकलसेल असलेल्या मुलाला दोन-तीन जुलाब झाले तरी ओआरएस लगेच सुरू करून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तपासणी फुकट होते, कार्ड मिळतं. ते कार्ड आजारपणात सोबत हवंच.

आता यकृताची खरी काळजी कधी? लघवी मोहरीच्या तेलासारखी गडद होणं, डोळे पिवळे होणं, शौचाचा रंग पांढुरका होणं, मूल झोपाळू किंवा विचित्र वागणारं होणं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. एसजीपीटी काही शेकड्यांत असेल तर पहिला संशय हिपॅटायटिस ए चा. त्याची सुरुवातही ताप, उलट्या आणि अन्नावरची वासना उडण्यानंच होते. लहान मुलांत तो बऱ्याचदा डोळे पिवळे न होता निघून जातो, म्हणून फसवतो. हिपॅटायटिस ई आपल्याकडे मुख्यतः दूषित पाण्यातून येतो; २०१२ मध्ये इचलकरंजीत त्याची मोठी साथ आली होती. आणि २०२२ मध्ये जगभरातल्या बालरोगतज्ज्ञांची झोप उडवणारी घटना घडली. स्कॉटलंडमध्ये आधी धडधाकट असलेल्या मुलांना उलट्या-जुलाब होऊन गंभीर कावीळ झाली. त्या वर्षी जुलैपर्यंत ३५ देशांतून अशी हजारावर मुलं नोंदली गेली, २२ दगावली. सुरुवातीला बोट ठेवलं गेलं ते जुलाबांच्याच ॲडिनोव्हायरस ४१ वर. पुढच्या संशोधनात त्याच्यासारख्या विषाणूच्या मदतीवाचून वाढू न शकणाऱ्या एका दुसऱ्या विषाणूचा, एएव्ही २ चा, संबंध पुढे आला. त्या मुलांना मोजायचा निकष होता एन्झाइम ५०० च्या वर. ७८ आणि ५०० यांतला फरक लक्षात ठेवायला हे उदाहरण पुरेसं आहे.

रोटाव्हायरस स्वच्छतेला फारशी दाद देत नाही. आजारी मुलाच्या एक ग्रॅम शौचात तो अब्जावधींच्या संख्येनं असतो आणि संसर्गाला शंभराच्या आत विषाणू पुरतात. हात धुणं आवश्यकच आहे, पण त्याच्याविरुद्धचा खरा उपाय लस. दिल्लीच्या एम्समध्ये १९८०च्या दशकात एका नवजात बाळात सापडलेल्या सौम्य विषाणूपासून डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून रोटाव्हॅक तयार झाली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं रोटासिल आणली. २०१९ पासून महाराष्ट्रातही रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात फुकट मिळते, तोंडात थेंबांच्या रूपात, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला. ती नोरोव्हायरसला किंवा बाकीच्यांना अडवत नाही, त्यामुळे लस घेतलेल्या मुलालाही जुलाब होऊ शकतात. पण दवाखान्यात भरती करावं लागण्याइतके गंभीर जुलाब ती बरेच कमी करते.

तर तुमच्या हातात तो ७८ चा रिपोर्ट असेल, मूल पितंय, लघवी करतंय, हसतंय, तर कागद जपून ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी एकदाच पुन्हा तपासा. तेव्हाही वाढलेला असेल तर बालरोगतज्ज्ञ पुढचं शोधतील. घरात सिकलसेल असेल तर रिपोर्टाच्या आधी ते कार्ड डॉक्टरांपुढे ठेवा. आणि रोवणी लागायच्या आधी आशाताईंकडून ओआरएसची दोन पाकिटं आणि जस्ताच्या १४ गोळ्या मागून घ्या, त्या आजीच्या हाताशी येतील अशा जागी ठेवा, आणि एक लिटर नेमकं कुठल्या भांड्यात मावतं ते आजीला आजच दाखवून ठेवा.